मासेमारी बंदीच्या दिवसांतच आयकराचं रिटर्न भरून टाक

काकू, नमस्कार.

आम्ही हर्णैजवळच्या एका वाडीत राहतो. मिस्टर मुंबईला एका लहान कंपनीत होते. गेल्या वर्षी जुलैअखेर कंपनी बंद झाली आणि ते गावी आले. ऑगस्टपासून बोटीवर खलाशी आहेत, महिन्याला १५,००० पगारावर. कंपनीत १७,००० मिळायचे. मधल्या काळात घर चालवायला त्यांनी पीएफ काढला. ९२,४०० येणार होते, खात्यात ८३,१६० जमा झाले. चौकशी केली तर टीडीएस, म्हणजे पैसे हाती यायच्या आधीच कापून घेतात तो आयकर, कापलाय, रिटर्न भरलंत तर परत मिळेल, असं कळलं. बाजारातला एजंट रिटर्नचे १,५०० मागतो. वर म्हणतो, ‘मला तीस टक्के द्या, तुम्हाला पंचवीस हजार रिफंड काढून देतो.’ मी बचत गटातून कोकमाचं आगळ विकते, वर्षाला पंचवीसेक हजार सुटतात. सासऱ्यांची हापूसची २८ कलमं आहेत. आम्हाला रिटर्न भरावंच लागतं का? भरलं तर माझे लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील, असं शेजारीण सांगते. आणि दीड हजार न घालवता हे काम कसं करायचं?

एक वाचक, ता. दापोली

*

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते. दोन उत्तरं आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. तुमच्यावर रिटर्न भरायची सक्ती नाही. तरीही ते भरायचं, कारण त्याशिवाय तुमचे ९,२४० रुपये परत यायचे नाहीत. आणि ते भरायला सरकार एक पैसासुद्धा घेत नाही.

सक्ती का नाही ते सांगते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न असेल तर साधारणपणे रिटर्न भरावं लागत नाही. उत्पन्न कमी असूनही भरावं लागतं अशी काही कारणं आहेत: वर्षभरात टीडीएस २५,००० किंवा जास्त कापला गेला, विजेचं बिल १ लाखावर गेलं, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला, असं काही. तुमच्या घराला यातलं काहीच लागू होत नाही. मात्र इथे बऱ्याच जणांचा एक घोटाळा होतो, तो सांगून टाकते. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे सगळ्यांनी ऐकलंय आणि त्यावरून रिटर्नही नको असं धरून चालतात. ४ ते १२ लाखांच्या मधल्या माणसाचा कर सवलतीमुळे शून्य होतो, पण ती सवलत मिळायला रिटर्न भरावंच लागतं. वाडीत कुणाची सरकारी किंवा शाळेतली नोकरी असेल तर त्यांच्या कानावर घाल.

आता त्या पंचवीस हजारांचं बोलू. तुझं पत्र वाचताना त्या ओळीपाशी मी थांबले. रिफंड म्हणजे तुमच्याकडून जास्तीचा कापला गेलेला कर परत मिळणं. तुमचा एकूण कापला गेला ९,२४०. मग पंचवीस हजार येणार कुठून? एक तर तो तुम्हाला खोटं सांगतोय, नाही तर तो फॉर्ममध्ये कापला न गेलेला टीडीएस लिहिणार आहे. तसं केलं की खात्याचं संगणकच ते पकडतं, कारण कुणी किती कापलं याची नोंद त्यांच्याकडे २६एएस नावाच्या पत्रकात आधीच असते. आणि जाब विचारला जातो तो तुझ्या नवऱ्याला, एजंटला नव्हे. रिटर्नवर पॅन तुझ्या नवऱ्याचा, सही त्याची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा धाकटा भाऊ ड्रायव्हर होता, पगारातून थोडा कर कापला जायचा. एका एजंटने त्याचं रिटर्न भरलं, कुठल्याशा संस्थेला देणगी दिल्याचं दाखवलं आणि कापलेला सगळा कर परत आणला. भाऊ खूश. एजंटने फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचा टाकला होता. त्यामुळे खात्याने पावती मागितली तेव्हा ती नोटीस एजंटच्याच ईमेलवर गेली, आमच्यापर्यंत आलीच नाही. दोन वर्षांनी थकबाकीचं पत्र घरी आलं तेव्हा कळलं. कर, व्याज, दंड, सगळं भरावं लागलं. खोटी माहिती देऊन कर बुडवला असं ठरलं तर दंड त्या कराच्या दुप्पट लागू शकतो. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या औषधांना ठेवलेले पैसे त्यात गेले. म्हणून मी कुणालाही सांगते की रिटर्न स्वतः भरा किंवा दुसऱ्याकडून भरून घ्या, पण मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांच्या ठिकाणी तपासणी केली, तेव्हा हा धंदा किती पसरलाय ते सगळ्यांसमोर आलं.

आता पीएफ. हे नीट समजून घे, कारण याच जागी लोक स्वतःचं उत्पन्न उगाच फुगवून दाखवतात. मिस्टरांच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघड. त्यात त्यांच्या पगारातून कापलेला हिस्सा, कंपनीने भरलेला हिस्सा आणि व्याज असे वेगवेगळे आकडे असतात. समजा, ९२,४०० मधले ६४,००० त्यांचे स्वतःचे, १९,६०० कंपनीचे आणि ८,८०० व्याज आहे. कंपनीचा आकडा इतका लहान बघून दचकू नकोस. कंपनी भरते त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो.

पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पीएफ काढला तर कंपनीचा हिस्सा आणि व्याज हे उत्पन्न धरलं जातं. स्वतःच्या पगारातून कापलेले ६४,००० हे त्यांचेच पैसे, ते परत आले म्हणजे उत्पन्न झालं नाही. (आधीच्या वर्षांत त्यावर ८०सीची, म्हणजे बचतीवर मिळणारी करातली सूट घेतली असेल तर गोष्ट वेगळी, पण १७,००० पगारावर तशी सूट घ्यायची वेळच आली नसेल.) म्हणजे उत्पन्न म्हणून दाखवायचे फक्त २८,४००. त्यातही, कंपनी बंद झाल्यामुळे नोकरी गेली असेल तर पाच वर्षांची अटही लागू होत नाही आणि सगळीच रक्कम करमुक्त ठरते. कंपनी बंद झाल्याचं पत्र किंवा नोकरीतून कमी केल्याचा कागद हाती असेल तर तसं दाखव. नसेल तर २८,४०० दाखवून मोकळी हो. कर दोन्हीकडे शून्यच आहे.

हिशेब करून बघू. एप्रिल ते जुलै चार महिने १७,००० प्रमाणे ६८,०००. ऑगस्ट ते मार्च आठ महिने १५,००० प्रमाणे १,२०,०००. दोन्ही मिळून १,८८,०००. त्यात पीएफचे २८,४०० घातले तर २,१६,४००. पगारदाराला यातून ७५,००० ची सरसकट वजावट मिळते, ती धरली तर आणखी कमी. चार लाखांच्या जवळपासही तुम्ही नाही. बोटीवरचा पगार रोखीने मिळतो म्हणून तो गाळायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नकोस. दाखवूनही कर लागत नाही आणि पुढे इंजिनासाठी किंवा घरासाठी कर्ज काढायची वेळ आली तर हेच उत्पन्न बँकेला दाखवता येईल.

प्रत्यक्ष भरायचं कसं? संध्याकाळी जेवणं झाली की दोघं मोबाइल घेऊन बसा. घरात रेंज येत नसेल तर जिथे येते तिथे जा. आमच्या वाडीत देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी तीन घरांची रिटर्न भरून दिलीत. आयकर खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं दरवेळी बघायचं. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा’ असे मेसेज या दिवसांत येतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

तिथे मिस्टरांच्या पॅनवर खातं उघडायचं. पॅन आधारला जोडलेलं आहे का ते सगळ्यात आधी तपासा, त्याच पानावर ‘लिंक आधार स्टेटस’ असं असतं. जोडलेलं नसेल तर पॅन बंद धरलं जातं आणि रिफंड अडकतो. जोडायला १,००० रुपये लागतात. तुमचा टीडीएस बरोबर दहा टक्के कापलाय, म्हणजे पॅन चालू असावं, नाही तर जास्त कापला असता. मग बँकेचं खातं ‘व्हॅलिडेट’ करायचं, म्हणजे ते तुमचंच आहे याची संकेतस्थळावर खातरजमा करायची. रिफंड फक्त अशाच खात्यात येतो. पॅनवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव यांचं स्पेलिंग जुळतं का ते इथेच कळतं. आपल्याकडे पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि बँकेत नुसतं नाव-आडनाव, असं फार दिसतं. फरक असेल तर बँकेत जाऊन अर्ज द्यावा लागेल, तेवढी एक खेप पडेल.

त्यानंतर ‘फाइल इन्कम टॅक्स रिटर्न’मध्ये जाऊन असेसमेंट इयर, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष, २०२६-२७ निवडायचं. २०२५-२६ निवडलंस तर आदल्या वर्षाचं होईल. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, पण तुमचं उत्पन्न त्याच्या आधीच्या वर्षातलं, त्यामुळे ते जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं. फॉर्म निवडायचा आयटीआर-१, ज्याला ‘सहज’ म्हणतात. बरीच माहिती आधीच भरलेली येईल. ती खरी धरून पुढे जायचं नाही, एकेक रकाना वाचायचा. बोटीचा पगार त्यात नसेल, तो पगारात मिळवायचा. कंपनी बंद झाल्यामुळे फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मिळाला नसेल तर पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक पुरे. पीएफमधले ६४,००० ‘करमुक्त उत्पन्न’ दाखवायच्या जागी कारण लिहून घाल, म्हणजे खात्याकडच्या ९२,४०० च्या नोंदीशी बेरीज जुळते. टीडीएसच्या रकान्यात ९,२४० आपोआप आलेले दिसले पाहिजेत. नवी करपद्धत आपोआप निवडलेली असते, ती तशीच राहू दे. शेवटी करपात्र रक्कम, कर शून्य आणि रिफंड ९,२४० असं दिसलं की सबमिट.

सबमिट करून काम संपत नाही, इथे पुष्कळ जण चुकतात. त्यानंतर ३० दिवसांच्या आत पडताळणी करावी लागते, नाही तर रिटर्न भरल्यासारखं धरतच नाहीत. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. मिस्टरांचा जुना मुंबईचा नंबर आधारला असेल आणि ते सिम बंद पडलं असेल, तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या.

कुठे अडलीस तर १८०० १०३ ००२५ किंवा १८०० ४१९ ००२५ या खात्याच्या नंबरांवर फुकट फोन लागतो. सकाळी लवकर लाव. रत्नागिरीला आयकर कार्यालयही आहे, पण एवढ्या कामासाठी एसटीचं भाडं आणि एक दिवसाचा रोज घालवू नकोस. जुनी नोटीस निघाली तरच तिकडे जा.

तरीही नाहीच जमलं आणि कुणाची मदत घ्यावी लागली तर त्यात कमीपणा मानू नकोस. गावात कॉमर्स शिकलेलं एखादं पोर असेल, सेवा केंद्रावरची मुलगी असेल, त्यांना कामाचे रास्त पैसे दे. पैसे आधी ठरवून घे आणि ते ठरावीक रकमेचे असू देत. रिफंडमधला टक्का मागणाऱ्याकडे काम द्यायचं नाही. सनदी लेखापालांना तर असा टक्का घेणं त्यांच्या नियमांनीच बंद केलेलं आहे. आणि सबमिट करायच्या आधी भरलेला फॉर्म स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ‘डिडक्शन’च्या पानावर विमा, देणगी, घरभाडं असलं काही दिसलं, जे तुम्ही कधी भरलंच नाही, तर तिथल्या तिथे थांबव.

आता लाडक्या बहिणीबद्दल. या भीतीपायी कित्येक बायका नवऱ्याला रिटर्न भरू देत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. योजनेच्या अटीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकरदाता नको, असं म्हटलंय. आयकरदाता म्हणजे आयकर भरणारा. तुझ्या नवऱ्याचा कर शून्य आहे आणि कापलेला करही तो परत मागतोय. नुसतं रिटर्न भरल्याने माणूस करदाता होत नाही. उत्पन्नाची अट मात्र खरी आहे. त्याचे २,१६,४०० आणि तुझे पंचवीस हजार मिळून २,४१,४०० होतात, अडीच लाखांच्या आतच. बघ, पीएफचे सगळे ९२,४०० उत्पन्न म्हणून लिहिले असते तर हाच आकडा ३ लाखांच्या वर गेला असता. म्हणून मघाशी ती फोड करायला सांगितली. पुढच्या वर्षी उत्पन्न खरोखरच वाढलं तर ते लपवू नकोस, तेव्हा जे खरं असेल तेच सांग. सासऱ्यांना पीएम किसानचे वर्षाला ६,००० येत असतील तर तिथेही अट प्रत्यक्ष आयकर भरलेल्यांची आहे, शिवाय ती त्यांची वेगळी गोष्ट. मुलाच्या रिटर्नमुळे त्यांचं काही बिघडत नाही. आणि शाळा-कॉलेजच्या शिष्यवृत्तीला लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो वेगळा कागद आहे, रिटर्नची प्रत दाखवून भागत नाही.

तुझ्या आगळाच्या पैशांसाठी तुला स्वतंत्र रिटर्न नको. वहीत विक्री आणि खर्च लिहून ठेव, एवढं पुरे.

कलमांचं सोपं आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा आंब्याचं उत्पन्न त्यांचं, तुझ्या नवऱ्याच्या रिटर्नमध्ये ते येत नाही. स्वतःच्या बागेतला आंबा विकून आलेले पैसे शेतीचं उत्पन्न, त्याला आयकर नाही, मग ते पेट्या वाशीला पाठवोत की बाग खंडाने देवोत. वाशीहून येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, मात्र फेकू नका. खात्यात एवढे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर तोच पुरावा. याच्या उलट, दुसऱ्याच्या बागा खंडाने घेऊन आंबा विकणाऱ्याचा तो व्यापार होतो, शेती नव्हे. मासेमारीही शेतीत धरत नाहीत, हे बोटवाल्यांनी लक्षात ठेवावं. होडी स्वतःची असेल तर ते धंद्याचं उत्पन्न. आणि उद्या कलमं मिस्टरांच्या नावावर झाली तर एक गोष्ट बदलेल: शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर ‘सहज’ फॉर्म चालत नाही, पगारदाराला आयटीआर-२ भरावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर ही चूक घरोघरी होते. नोकरीचं उत्पन्न ‘सहज’मध्ये आणि आंब्याचा उल्लेखच नाही. करमुक्त असलं तरी ते लिहायचं असतं.

राहिली तारीख. ‘सहज’साठी ३१ जुलै. तुमचं उत्पन्न चार लाखांच्या आत असल्याने उशीर झाला तरी ५,००० किंवा १,००० चा दंड तुम्हाला लागत नाही आणि ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्यानंतर मात्र रिफंडसाठी वेगळा अर्ज करून उशीर माफ करून घ्यावा लागतो, आणि तो मार्ग लांबचा आहे. तुम्ही डिसेंबरची वाट बघू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, मिस्टर घरी जाळी विणत बसलेले असतील. ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार आहे. एकदा बोट दर्यात गेली की त्यांच्या फोनला रेंज कुठून असणार? तेव्हा हे पत्र वाचशील त्या संध्याकाळी पासबुक, पॅन आणि आधार असं तिन्ही एका पिशवीत काढून ठेव आणि पॅन-आधारचं तेवढं तपासून बघ. त्यात काही अडचण निघाली तर मला लगेच लिही, अजून दिवस हातात आहेत.

तुझी,
काकू